एक लाख आठशे घरं

"यंत्रानं इचारलं, आत्ता करू काय, तर 'नंतर' म्हणायचं. 'नंतर' म्हणायला पैसं पडत न्हाईत, रंजिता."

दामूमास्तरांचा आवाज अजून तसाच कानात आहे. त्या दिवशी त्यांचा संगणक दिघाशीहून रिक्षातून, दोन गोधड्यांत गुंडाळून माझ्या घरी आला होता. त्यांचे डोळे काम देईनासे झाले होते. टेबलावर तो नीट बसवला, पडद्यावरून हात फिरवला आणि मला हे सांगून ते चहा न घेताच उठले. त्यानंतर वर्षभरात मास्तर गेले. संगणक माझ्याकडे राहिला.

आमच्या भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, साडीचा जो काठ उमटतो, तो आधी कुणीतरी चौकटींच्या कागदावर काढलेला असतो. चौकटीला आम्ही घर म्हणतो. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात. पत्ते चढवले की लूमवरचं जॅकार्ड यंत्र भरलेल्या घराचा धागा वर उचलतं, रिकाम्या घराचा खाली राहतो. मास्तरांनी मला हे काम कागदावर शिकवलं आणि मग संगणकावर. त्यांचा प्रोग्रॅम फार जुना होता. तो त्या जुन्या विंडोजवरच चालायचा, आणि नवी विंडोज घातली की तो कायमचा बंद पडणार, हे मास्तरांनी दोघा-तिघांकडे घडताना पाहिलं होतं.

म्हणून मी रोज 'नंतर' म्हणत आले. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, एक माळ जप, देवापुढे निरंजन. मग संगणक सुरू करायचा. पडदा निळा व्हायचा, मोठं अपडेट तयार असल्याचा निरोप यायचा. मी 'नंतर' दाबायची. हेही माझ्या नेमात कधी मिसळलं ते मलाच कळलं नाही. एकदा तर 'नंतर' दाबून झाल्यावर मी हात जोडले होते. उन्नती, माझी लेक, ते बघून दिवसभर हसत होती.

यंदा चातुर्मासात मी एकभुक्त होते, आणि दुसरा नेम असा धरला होता की चार महिने घरात नवं काही आणायचं नाही. साडी नाही, भांडं नाही, झाडूसुद्धा नाही.

दसऱ्याच्या सकाळी केसरीनाथशेठ आपट्याची पानं घेऊन आले. त्यांच्या कारखान्याची डिझाइनं मी दहा वर्षं करते. पानं हातात देऊन ते दारातच उभे राहिले.

"ताई, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी नवी मशीन चालू करतोय. पत्तेबित्ते काय नाय, डिझाइन डायरेक तारेतून जाणार. पण तिचं सॉफ्टवेअर तुमच्या त्या डब्यात बसत नाय. कंपनीचा मुलगा सांगून गेला, आधी विंडोज नवी पायजे."

"माझा नेम आहे हो, शेठ. कार्तिकी एकादशीपर्यंत नवं काही घेत नाही."

"म्हंजे तुमचा कॉम्प्युटरपण चातुर्मास पाळतो काय?" शेठ हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकादशीपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं नाही. पण ते गेल्यावर पानं देवापुढे ठेवायची ती कितीतरी वेळ हातातच राहिली.

काम जाण्याची भीती होतीच. त्याहून खोल एक गोष्ट होती. मास्तरांच्या प्रोग्रॅममध्ये एक काठ होता. दिघाशीच्या गावदेवीला दरवर्षी साडी नेसवतात. त्या साडीला आपल्या हातचा काठ असावा, समयांच्या ओळीचा, असं मास्तरांच्या बायकोनं, काशीकाकूंनी, मागून घेतलं होतं. संगणक माझ्याकडे येईपर्यंत मास्तर तोच करत होते. मास्तरांच्या तेराव्याच्या दिवशी काकूंचा हात हातात घेऊन मी म्हटलं होतं, "काठ मी लूमवर चढवीन. आणि पत्ते कापायच्या आधी कागद तुमच्या हातात आणून देईन." दोन वर्षं झाली. मी ती फाइल उघडली नव्हती. उघडली की मास्तर संपतील, असं काहीसं वाटायचं.

आता अपडेट केलं तर तो काठ गेला. नाही केलं तर काम गेलं. दुसरा संगणक घेण्याइतकी ऐपत यंदा नव्हती.

माझे यजमान काल्हेरच्या गोदामात सुपरवायझर आहेत. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे दोन्ही गोष्टी मांडल्या.

"मुळात हे अपडेट नवी वस्तू होते का?" ते म्हणाले. "टेम्पोतून येत नाही, चलन नाही, सही नाही. हवेतून येतं."

"अहो, हवेतून आलं म्हणून नवं नाही का?"

"मग पाऊसपण नवा. तोही घेऊ नकोस."

"बाबा, आईला चिडवू नका," उन्नती म्हणाली. "आई, मी फोटो काढते सगळ्या काठाचे. मग कर बिनधास्त अपडेट."

तिनंच फाइल उघडून साठ-सत्तर फोटो काढले, मी पडद्याकडे पाहिलं नाही. पण त्या प्रोग्रॅममध्ये दोन तांबडे असायचे, एक भरलेल्या घराचा, एक रिकाम्या घराचा. पडद्याजवळ नाक नेलं की मगच फरक कळायचा. फोटोत दोन्ही तांबडे एकात एक विरघळले होते, हळदीकुंकू पाण्यात पडावं तसे. आणि प्रिंटर तर मास्तरांच्या आधीच गेला होता.

त्या रात्री मला स्वप्न पडलं. मास्तर माझ्याकडे पाठ करून पाटावर बसले होते आणि जमिनीवर तांदळाचा एकेक दाणा ठेवत होते. दाण्याशेजारी दाणा. मी म्हटलं, मास्तर, किती झाले? त्यांनी मान वळवली नाही. लांबून लूमचा आवाज येत होता, पण तो खाडीच्या पाण्यासारखा यायचा आणि ओसरायचा.

पहाटे निरंजन लावताना सुचलं. देवीचा काठ नव्या मशीनवर चढायचाच नव्हता. तो आमच्या गल्लीतल्या दौलतभाऊंच्या जुन्या लूमवर चढणार होता, आणि दौलतभाऊ अजूनही पुठ्ठ्याचे पत्ते हातानं कापतात, तेही कागद समोर ठेवून. मग कागदच करायचा. पडद्यावरून बघून, घर घर मोजून, मास्तरांनी शिकवला तसा.

या वेळी फाइल मी स्वतः उघडली. बाजूला आकडे होते. आडवी चारशे ऐंशी घरं, अशा एकावर एक दोनशे दहा ओळी. माळेचे मणी ओढता ओढता मी गुणाकार केला. एक लाख आठशे. मग मला काही ठरवावंच लागलं नाही. बाया देवाला लाखोली वाहतात, कुणी लाख दूर्वा, कुणी लाख वाती. माझी लाख घरांची. एकादशीला तीस दिवस होते. रोज सात ओळी.

चौकटीचा कागद कपाटात मास्तरांच्या वेळचाच होता, म्हणजे नवा नव्हे. तांबडा रंग, बारीक ब्रश. काठ खालून वर चढतो, विणतात तसाच. पहिल्या दिवशी समईची बैठक उमटायला लागली. मी मनात नाम घेत घर भरत होते, दोन उचल, एक सोड, तीन उचल. हळूहळू ते डोळे मिटल्यावरही दिसायला लागलं. शेठकडे पायी जाताना गोदामांची पत्र्याची छपरं घरांसारखी वाटायची, मधला रिकामा प्लॉट सुटलेल्या घरासारखा. भाजी निवडताना मी दोन शेंगा उचलायची आणि एक सोडायची.

नवव्या दिवशी समईचा दांडा बसका दिसला. बैठकीवरून तो नीट उठतच नव्हता, मानेत आखडलेल्या माणसासारखा. मी पडद्याशी ओळी ताडून पाहिल्या. सहाव्या दिवशी तीन ओळी पूर्ण रिकाम्या होत्या, आणि त्या मी गाळल्या होत्या. लाखोलीत वाहिलेलं तेवढं मोजतात. न वाहिलेली दूर्वा कोण मोजतं? माझ्या हातानं तसंच केलं होतं, भरलेलं ते देवाचं आणि रिकामं ते काहीच नाही. पण काठात रिकामी ओळसुद्धा लूमला चालावीच लागते. तेवढी जागा नसेल तर दांडा उभा राहत नाही.

चार दिवसांचं काम कात्रीनं कापून काढलं. उन्नतीला वाटलं मी रडेन. मला उलट शांत वाटलं. नव्या तुकड्यावर त्या तीन रिकाम्या ओळी मोजताना मी प्रत्येक घरावर ब्रशचं कोरडं टोक टेकवलं. चौदाशे चाळीस वेळा. पुढे रोज आठ ओळी, कधी नऊ.

रोज 'नंतर' दाबतच होते. पण आता त्यात भीती नव्हती. दाराशी आलेल्या माणसाला, बस, आलेच, म्हणावं तसं.

एकादशीच्या दोन दिवस आधी एकशे शहाण्णव ओळी झाल्या आणि पुढची ओळ रिकामी आली. त्याच्या पुढची रिकामी. मी पडदा वर सरकवत गेले. शेवटच्या चौदा ओळी सगळ्या रिकाम्या. समया होत्या, त्यांच्या वाती होत्या, वर ज्योत नव्हती.

मी हात मांडीवर ठेवून बसले. मास्तरांनी मुद्दाम सोडल्या असतील? की त्यांचा हात इथे थांबला? रिकामी ओळ गाळायची नसते हे मी नुकतंच शिकले होते. मग जशा आहेत तशा उतरवायच्या, की भरायच्या? इतकी वर्षं काठ केले, पण मास्तरांच्या कामात त्यांना न विचारता मी एक घरही भरलं नव्हतं.

काशीकाकूंना फोन लावला.

"काय गं, आज कशी आठवण आली? उपासाचं सपलं काय?"

"काकू, मास्तरांनी समयांना ज्योत नाही काढलेली. चौदा ओळी मोकळ्या आहेत. मुद्दाम सोडल्या असतील का हो?"

काकू अंगणात असाव्यात. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"त्यानं का सोडल्या त मला काय ठाव," त्या म्हणाल्या. "त्याला तवा दिसत व्हतं कुठं. अंदाजानं भरायचा. पन मी मागितली ती पेटलेली समई. इझलेली समई देवीला कोन घालतं?"

"मग मी काढू?"

"दोन वरसं कागद माझ्या हातात देनार व्हतीस. आता मलाच इचारतेस काढू काय. त्याच्याकडं शिकलीस ना? का नुसता चहा पिऊन गेलीस?"

मी म्हटलं, "चहा तुम्हीच करायचात काकू." त्या हसल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निरंजन लावलं आणि पहिल्यांदाच जप न करता नुसतं बघत बसले. इतकी वर्षं ज्योत मी सरळ समजत होते. ती सरळ नसते. पायाशी निळसर, बारीक, मध्ये पोट धरते, आणि टोकाला जरा कलते, आपण श्वास घेतो त्या बाजूला. चौदा ओळींत ती बसवायची होती. खाली दोन घरं, मग चार, सहा, पुन्हा चार, टोकाला एकच घर, तेही मधोमध न ठेवता एक घर डावीकडे. सगळ्या समयांच्या ज्योती एकाच बाजूला कलल्या, देवळात कुणी आत आल्यावर कलतात तशा. दुपारपर्यंत शेवटची ओळ झाली. ब्रश धुतला. पाणी तांबडं झालं ते तुळशीच्या मुळाशी न ओतता बाजूला ओतलं. नंतर राहिलेला जप पुरा केला.

एकादशीला पूजा झाली, आवळा आणि ऊस देवापुढे ठेवला, नेम सोडला. संगणक सुरू केला. निरोप आला. मास्तरांचा प्रोग्रॅम एकदा उघडून, ज्योत नसलेल्या त्या समया एकदा पाहून, मी तो बंद केला. मग 'आत्ता करा' दाबलं.

पडदा काळा झाला, मधोमध पांढरे ठिपके गोल फिरू लागले. खाली लिहून आलं की संगणक अनेकदा बंद-चालू होईल, कृपया बंद करू नका. चार टक्के. सहा टक्के. यजमान चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"आता मास्तरांना फोन कुठे लावायचा, बिघडलं तर?" ते म्हणाले. मग त्यांनाच ते बरं वाटलं नसावं, कप टेबलापासून लांब ठेवून ते खुर्चीत बसले. "जा तू. मी बघतो इथे."

"आई, थांब ना," उन्नती म्हणाली. "एवढी वर्षं नंतर नंतर केलंस, आता होताना बघणार नाहीस?"

"दिवस लहान आहेत, बाळा. काकू वाट बघतात."

मी कागद आतल्या बाजूनं तांबडा राहील असा गुंडाळला, वरून जुन्या साडीचा तुकडा बांधला. चपला घातल्या. गल्लीत दोन्ही बाजूंचे लूम चालू होते. नाक्यावर दिघाशीच्या बाजूची गाडी भरायची होती. मी खिडकीपाशी जागा धरली आणि गुंडाळी मांडीवर आडवी ठेवली, कोणाचा धक्का लागणार नाही अशी.