अस्वल कुठल्या रकान्यात

मी ओमप्रकाश, आमच्या शेतकरी गटाचा सचिव. सचिव म्हणजे ज्याला लिहिता येतं आणि नाही म्हणता येत नाही तो. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर. हरभरा भरपूर, आणि त्याहून भरपूर वानरं.

तेवीस वर्षं गटातल्या शेतांची राखण ग्यानोबामामा करतात. गोफण, पत्र्याचा डबा आणि शिव्या, एवढ्यावर त्यांचं काम चालायचं. यंदा त्यांचे गुडघे गेले, आणि ते वानरांना आमच्याआधी कळलं. डबा वाजला की ती शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत जात आणि मामा तिथवर पोचेस्तोवर मागच्या बाजूनं परत येत. गटाच्या बैठकीत हिरासिंगनं विषय काढला, की राखणदार बदलावा. मामा तिथंच बसून ऐकत होते. त्यांना दुसरं काम येत नाही, आणि आलं तरी त्या गुडघ्यांवर कोण देणार? मला वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की राग येतो, म्हणून मी हिरासिंगवर खेकसलो.

तोड काढली ती अध्यक्ष पद्माबाईंनी. कुठं कुठं शेतकरी अस्वलाचा पोशाख घालून शेतात बसतात आणि वानरं फिरकत नाहीत, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. "पळायची गरजच न्हाई. नुसतं बसायचं. एवढं तर ग्यानोबाभाऊ करतेत," त्या म्हणाल्या. हरभऱ्याचे घाटे भरायच्या आत पोशाख आला तर मामा राहतील, नाही तर नवा माणूस, असा ठराव झाला. तो लिहिलाही मीच.

आमच्याकडं शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख भाड्यानं मिळतात. ते पाहून वानरं हसली असती. म्हणून चीनमधून मागवला. तो मुंबईपर्यंत आठ दिवसांत आला आणि कस्टममध्ये अडकला. मला ईमेल आला : माल खेळणं आहे, सणाची वस्तू आहे की कपडा आहे, ते कळवा. त्यावर शुल्क ठरणार होतं.

प्रश्न सरळ होता, घोळ मी घातला. सरकारी अर्जात काहीही भरायचं असलं की आम्ही 'शेतीचं अवजार' भरतो, कारण अवजाराला सूट असते. आमच्याकडं ताडपत्रीसुद्धा अवजार आहे. मी तिन्ही सोडून बिनदिक्कत लिहिलं, 'शेतीचे अवजार.'

चार दिवसांनी उत्तर आलं. अवजार असल्यास वजन, क्षमता आणि ते कशावर चालते, ही माहिती द्यावी. वजन लिहिलं चार किलो. क्षमता लिहिली वीस एकर. कशावर चालते यापुढं जरा थांबलो आणि 'माणसावर' लिहिलं. कमी पडू नये म्हणून खाली 'चालकाचे वय ६२' हेही टाकलं.

त्यावर मुंबईहून एका साहेबांचा फोन आला. पद्माबाई आणि मामा माझ्याजवळच बसलेले होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"देखिए, आदमी पर चलनेवाला औज़ार, चालक की उम्र बासठ, ऐसा कुछ मेरी किताब में नहीं है," साहेब म्हणाले. आवाजावरून त्यांनी ती किताब पुन्हा पुन्हा पाहिली असावी. "खिलौना है तो क्वालिटी का सर्टिफ़िकेट चाहिए।"

"खेळणं कशाचं सायेब, लेकरू भिऊन जाईल," पद्माबाई म्हणाल्या.

"त्योहार का सामान? कौन सा त्योहार?"

"सण न्हाई. वानरं रोजच येतेत."

"फिर कपड़ा लिखूँ? मर्दाना या ज़नाना?"

"अस्वल हाय," पद्माबाई म्हणाल्या.

तेवढ्यात मामा बोलले. साहेबांशी नव्हे, माझ्याशी. "ओमभाऊ, तू मला अवजार लिवलं?"

"पोशाखाला लिवलं, मामा. तुमाला न्हाई."

"आत कोन ऱ्हानार? मीच ना? चालक म्हून वय बी लिवलं माजं. मानूस हाव मी. अंगात घालतो त्याला कापड म्हनतेत. सकाळी घालीन, सांजंला काढीन. कामाचे कापडं लिव."

मला लाज वाटली. ती लपवायची कुठं हेही कळेना, म्हणून मी फोनकडं बघत राहिलो. साहेबांना मराठी समजत असावं. ते म्हणाले, "यही लिखकर भेज दीजिए। पहननेवाले के दस्तख़त के साथ।"

'हा पोशाख मी स्वतः रोज कामावर घालणार आहे,' असं मी लिहिलं आणि खाली मामांनी सावकाश सही केली. पुरुषांचे कपडे म्हणून शुल्क लागलं, ते गटानं भरलं आणि पार्सल सुटलं.

घाटे भरायला आठवडा होता तेव्हा ते गावात आलं. पोशाख मामांना ढगळ झाला, तर पद्माबाईंनी पायाला दुमड घालून दिली. पहिल्या सकाळी वानरांचा कळप आला. मामा नुसते उभे राहिले. कळप कालव्यापलीकडं गेला तो गेलाच. त्याच्यामागं दोन कुत्री, पोस्टमन आणि निंदायला आलेल्या चार बायाही गेल्या. बायांना समजावून परत आणावं लागलं. पुढं तीन आठवडे एक घाटा गेला नाही.

मग बैठक झाली. मी मामांच्या अभिनंदनाचा ठराव लिहून नेला होता, पण हिरासिंग आधी बोलला.

"पोशाख लय भारी निघाला. पन मंग आता ग्यानोबाच काहून पाहिजे? नुसतं बसायचं तर कोनी बी बसंल. माजा मेव्हना मोकळाच हाय, चांगला धडधाकट."

दोन-तीन माना हलल्या. बोलण्यात चूक काढता येत नव्हती, तेच वाईट होतं. मामा खाली बघत होते. शेतातून तसेच आले होते, अस्वलाचं डोकं मांडीवर घेऊन.

"बसंल की," पद्माबाई म्हणाल्या. "पन सही ग्यानोबाभाऊची हाय. दुसरा बसला तर सरकारला खोटं लिवून देल्यावानी व्हतंय. गुन्हा हाय तो. तुज्या मेव्हन्याला मुंबईला न्हेतेत."

हिरासिंग माझ्याकडं वळला. "सचिव, तुमी नियमाचे मानूस. खरं सांगा, असा गुन्हा हाय का?"

मला गावात यासाठीच विचारतात. सख्ख्या भावाचा अर्ज एक दिवस उशिरा आला म्हणून मी परत केलेला आहे, तो अजून बोलत नाही. कस्टमचा कागद मी तीन वेळा वाचला होता. असा कुठलाही गुन्हा त्यात नव्हता. माल सुटल्यावर तो हिरासिंगच्या म्हशीनं घातला असता तरी मुंबईत कुणाला त्याचं काही नव्हतं.

"हाय," मी म्हणालो. "सात वर्सं."

सात वर्षांचा तुरुंग ऐकून हिरासिंगनं मेव्हण्याचा विषय सोडला. मी वहीत लिहिलं, राखणदार ग्यानोबा कायम. बैठक उठली तेव्हा मामा भिंतीला धरून उभे राहिले आणि माझ्यापाशी आले.

"सात वर्सं," ते म्हणाले. "मंजी एकोणसत्तर व्हईस्तोर काम हाय. लय झालं, ओमभाऊ."