नाकाने कांदे

"आधी बस तरी, ऑरिन," बेव्ह म्हणाली.

ऑरिनमामा बसला नाही. तो खिडकीपाशी गेला, तिथून दारापाशी आला, पुन्हा खिडकीपाशी गेला. बाहेर त्याचा दुधाचा टँकर उभा होता, सकाळीच धुतलेला. पलीकडे ट्रुडीची स्लरीची गाडी. मधे आणखी एक गाडी मावेल एवढी जागा मामा नेहमी सोडतो. ती कशासाठी, हे आमच्या आवारात कुणाला विचारावं लागत नाही.

"स्पष्टच सांगते," बेव्ह म्हणाली. ती आमची मालकीण. "तुझ्या फेरीत दोनच गोठे उरलेत, आर्डिस होव्हडेचा आणि झ्वीकींचा. दोघांचं मिळून अर्धा टँकर भरत नाही. डोंगर चढायचं डिझेलसुद्धा सुटत नाही त्यात. पण सकाळी दूध आणलंस आणि दुपारी मोठ्या डेअरीची स्लरी वाहिलीस, तर मला ती फेरी चालू ठेवता येईल."

"शेण?"

"स्लरी. बायोगॅस काढून झाल्यावर उरते ती, शेतात खत म्हणून सोडायची."

"म्हणजे शेणच. फक्त ढेकर देऊन झालेलं."

"नाही म्हणालास, तर महिनाअखेरीला मी चीजच्या कारखान्याला कळवणार, की डोंगरावरचं दूध आम्ही उचलत नाही. दोन गोठ्यांसाठी दुसरा कुणी वर जाणार नाही, तुला माहीत आहे. त्यांना गायी विकाव्या लागतील."

"हे माझ्या माथी मारू नकोस, बेव्ह."

"मग कुणाच्या मारू? ट्रुडी इतकी वर्षं तेच करतेय. तिला काय शिंगं फुटली?"

"ती स्लरीवाली आहे. मी दूधवाला आहे." मामा दारापाशी थांबला. "आणि त्या वासात माझं नाक जाईल. मग दूध कोण पारखणार? तू?"

तो निघून गेला. कोपऱ्यातल्या टेबलावर मी गाड्यांच्या फेऱ्या लावत होते. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन मी प्रयोगशाळेतल्या नोकरीची वाट पाहत होते, आणि वाट पाहण्याचा पगार मिळत नाही म्हणून मामानेच मला इथे चिकटवलं होतं. बेव्हने माझ्याकडे पाहिलं.

"सिग्नी, मामा तुझा आहे. समजाव त्याला."

आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर नुसता ड्रायव्हर नसतो. दूध पारखायचा त्याला परवाना असतो. गोठ्यावर गेला की तो टाकीचं झाकण किलकिलं करतो, वाकतो आणि पहिला वास घेतो. पहिलाच महत्त्वाचा, कारण दुसऱ्याला नाक सरावलेलं असतं. खवट, आंबूस, कसलाही वास आला तर तो झाकण लावतो आणि नळी न जोडता निघून जातो. मालकाने कितीही आदळआपट केली तरी. कारण एका गोठ्याचं वाईट दूध टँकरमध्ये गेलं की आधी भरलेलं सगळंच वाया. म्हणून नाक्यावरच्या कॅफेत दूधवाल्यांचं टेबल वेगळं असतं. गुरं वाहणारे आणि लाकूड वाहणारे आपापल्या कोपऱ्यात बसतात. स्लरीवाल्यांना कॉफी खिडकीतून बाहेर देतात. असा नियम कुणी केलेला नाही.

मला मात्र मामाच्या बोलण्यात एक सरळ प्रश्न दिसला. स्लरीच्या वासाने नाक खरंच बिघडतं का? नाक वासाला सरावतं आणि मोकळ्या हवेत पुन्हा ठिकाणावर येतं, एवढं मी शिकले होते. पण शिकले होते ते सर्वसाधारण नाकाबद्दल. मामाचं आधी स्लरीशिवाय तपासायचं, मग एक दुपार त्याला ट्रुडीच्या गाडीत बसवून पुन्हा तपासायचं. फरक पडला नाही तर त्याला सबब उरणार नाही.

रविवारी जेवणानंतर मी त्याच्या स्वयंपाकघरात दुधाच्या बरण्या मांडल्या. एकीत नुसतं ताजं दूध. एकीत व्हिनेगर. एकीत मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, भिजवून गाळून घेतलेलं दूध, आणि शेवटची खवट लोणी घुसळलेली. ती भरताना मलाच तोंड फिरवावं लागलं होतं.

"हा काय पोरखेळ," मामा म्हणाला, पण बसला. पहिली बरणी हुंगली. "चांगलं." दुसरी. "चांगलं." तिसरीवर जरा रेंगाळला. "हेही चांगलं." शेवटची त्याने नाकाशी धरली, डोळे मिटले आणि जाणकाराची मान हलवली.

"हे सगळ्यात चांगलं," तो म्हणाला.

मी बरण्यांची झाकणं लावली. पण मला चेहरा लपवता येत नाही, आणि मामा मला पाळण्यात असल्यापासून ओळखतो. तो उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो टँकरभोवती फिरत होता, चाकांना लाथ मारून हवा बघत, एकाच चाकाची पुन्हा पुन्हा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो मोठा ताप आला होता ना, त्या हिवाळ्यापासून. कॉफीचा वास गेला. मग डिझेलचा. मला वाटलं, येईल परत."

"मग गोठ्यांवर काय करतोस तू?"

"झाकण उघडतो. वाकतो." तो पुढच्या चाकाकडे गेला. "आर्डिसचा गोठा आरशासारखा स्वच्छ आहे, सिग्नी. झ्वीकींचाही. वाईट दूध येणारच नाही तिथे."

"मग स्लरीला नाही का म्हणालास? नाकाची भीती तर उरलीच नव्हती."

"नाक नाही आणि वर गाडी शेणाची! मग मी कोण राहिलो गं? सांग ना. तुला शास्त्र येतं." त्याचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. "कुणाला बोलू नकोस."

"मी नाही बोलणार. पण उद्या झाकण उघडून तू पुन्हा वाकणार आहेस का?"

तो घरात निघून गेला. रात्रभर त्याच्या खिडकीत दिवा होता असं शेजारीण म्हणाली. सकाळी तो बेव्हसमोर उभा राहिला. "मी दिवसभर स्लरी वाहतो. दूध ट्रुडीला दे. दोन्ही कामं झाल्याशी कारण."

"त्या दिवशी तर नाक मुरडत होतास."

"आज नाही मुरडत. गायी राहतील ना त्यांच्या? मग झालं."

अडलं ते भलतीकडेच. ट्रुडी वोज्निकने साफ नकार दिला.

"दूध? मी?" ती गाडीच्या पायरीवर सँडविच खात बसली होती. "मला नाही जमायचं ते हलकं काम."

मामाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "हलकं?"

"नाहीतर काय? दारात बूट बदला, हात धुवा, नळी पुसा, बाईसाहेब आज तब्येत कशी आहे, पाय कसा आहे, नातू कसा आहे. घरगडी आहात तुम्ही. मी शेतात जाते, झडप उघडते, गाडी रिकामी करते. कुणाला सलाम नाही, कुणाचं तोंड बघणं नाही. आणि कॅफेत तुम्हीच नाकाने कांदे सोलत बसता, आम्हाला कॉफी खिडकीतून!" तिने सँडविचचा कागद चुरगाळला. "मी का उतरू तुमच्या पातळीवर?"

मामा वळला आणि निघाला. अर्ध्या वाटेवरून परत आला. पुन्हा निघाला. शेवटी म्हणाला, "बरं. आधी मला तुझं काम शिकव. मग बोलू."

डेअरीच्या आवारात मोठ्या टाकीपाशी स्लरीच्या गाड्या रांगेत लागतात. मामाची पाळी आली तेव्हा मी बेव्हचे कागद द्यायला तिथे गेले होते. मामाने जाड नळी उचलली. मग खिशातून स्वच्छ फडकं काढलं आणि नळीचं तोंड आतून, बाहेरून, कडेकडेने नीट पुसलं. इतक्या वर्षांची हाताची सवय. पुसून झाल्यावर ते तोंड त्याने उजेडाकडे धरून पाहिलंसुद्धा.

रांगेतून पहिला हॉर्न वाजला. मग सगळेच.

"अरे, थोडा साबणही लाव!" कुणीतरी ओरडलं. "शेणाला जंतू लागतील!"

"पिणारेस का ते?"

ट्रुडी गाडीच्या चाकाला टेकून हसत होती, डोळे पुसत. मामा लाल झाला, हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं, नको असताना फुटतं तसं, आणि त्याने ते फडकं ट्रुडीच्या अंगावर फेकलं.

"सकाळची फेरी करते मी," ती दम घेत म्हणाली. "पण गोड बोलणार नाही कुणाशी. आधीच सांगते."

परवान्याची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. तिचं नाक शाबूत होतं. मला कुतूहल होतं म्हणून मी माझ्या बरण्याही तिला दिल्या. तिने नावानिशी वास ओळखले, आणि खवट लोण्याच्या बरणीवर जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही.

झ्वीकींकडे सगळं ठीक झालं. आर्डिसकडे दुसऱ्याच आठवड्यात ठिणगी पडली. सकाळी ऑफिसात फोन आला.

"सिग्नी, बेव्ह आहे का? नाही? मग तू ये. ही शेणवाली माझं दूध उचलत नाही म्हणते!"

मी गाडी काढली. जाताना मामाला कळवलं. तो डोंगरावरच एका शेतात स्लरी सोडून परतत होता.

आर्डिस होव्हडे सत्तरीची, सडपातळ, कंबरेवर हात. नवरा गेल्यापासून पन्नासेक गायी एकटी सांभाळते. ट्रुडी दुधाच्या खोलीच्या दाराशी उभी होती. टँकरमध्ये झ्वीकींचं दूध भरून तयार होतं.

"कांद्याचा वास आहे," ट्रुडी मला म्हणाली. "रानकांदा. गायींनी कुठेतरी खाल्लाय. हे घेतलं तर झ्वीकींचंही नासेल."

"कांदा!" आर्डिस म्हणाली. "आजवर एकदाही माझं दूध परत गेलेलं नाही. जन्म शेणात घातलेल्या बाईला कांदा कुठला कळतो? तुझ्याच बाहीला येत असेल वास!"

"बाही हुंगून बघ हवी तर," ट्रुडी म्हणाली. "आज सकाळीच धुतलीय. तुझ्यासाठी."

तेवढ्यात मामाची गाडी फाटकाबाहेर येऊन थांबली. तो उतरला, पण आत आला नाही. स्लरीचे बूट घालून दुधाच्या गोठ्याच्या आवारात पाऊल टाकायचं नसतं. तो कुंपणाच्या तारेपाशी उभा राहिला, या पायावरून त्या पायावर.

"ऑरिन!" आर्डिसने हाक मारली. "बरा आलास. बूट काढ आणि इकडे ये. झाकण उघडून तू सांग. तू म्हणशील ते मी मानीन."

मामाने माझ्याकडे पाहिलं. त्याला बूट काढणं काही कठीण नव्हतं. वाकायचं, मान हलवायची. आर्डिस खूश झाली असती, ट्रुडी चिडून गेली असती, कॅफेतलं त्याचं टेबल शाबूत राहिलं असतं. आणि मी गप्प बसेन, असं मी त्याला कबूल केलं होतं.

"ट्रुडी म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला.

"वास न घेता?"

"घेऊन काय करू? मला येत नाही." वारा होता, म्हणून त्याला मोठ्याने सांगावं लागलं. "नाक गेलंय माझं, आर्डिस. दोन वर्षं होऊन गेली."

ट्रुडीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. आर्डिस चालत कुंपणापर्यंत गेली.

"दोन वर्षं रोज माझ्या टाकीवर वाकत होतास तू."

"हो."

"आणि मान डोलवत होतास. 'छान आहे, आर्डिस' म्हणत होतास."

"तुझा गोठा मला ठाऊक होता. मला वाटलं..."

"मी ते खरं धरून चालत होते," ती म्हणाली. "एकटी बाई करते. कुणी विचारत नाही. एक ऑरिन रोज सांगतो, दूध छान आहे. तेवढ्यावर मी पहाटे उठत होते, मूर्खासारखी."

मामा तारेवरचा गंज नखाने खरवडत राहिला. आर्डिस परतली, माझ्या आणि ट्रुडीच्या मधून दुधाच्या खोलीत शिरली आणि टाकीचं झाकण स्वतः उघडून वाकली. बराच वेळ वाकलेली होती. मग तिने खालची झडप फिरवली. दूध गटाराकडे जायला लागलं.

"ओढ्याकडचं कुरण," ती पाठमोरीच म्हणाली. "परवा कुंपण पडलं होतं तिथे. गायी आजच हलवते." आणि जरा थांबून, "उद्या येणार आहेस का तू, की घाबरलीस?"

"येणार," ट्रुडी म्हणाली. "पण छान वगैरे मी म्हणत नसते."

"नकोच म्हणूस."

ट्रुडीचा टँकर झ्वीकींचं दूध घेऊन उतारावर दिसेनासा झाला. मी फाटकापाशी गेले. मामा गाडीचं दार उघडून उभा होता, एक पाय पायरीवर. मला वाटलं, मी सांगितलं नाही याबद्दल काही म्हणेल, किंवा आता परवाना परत करावा लागेल त्याबद्दल.

"कितीसा होता वास?" त्याने विचारलं.

"थोडाच. पण होता."

"थोडा म्हणजे? झाकण उघडल्याबरोबर, की वाकल्यावर?"

"दाराशीच जाणवत होता. कच्चा कांदा नाही, चिरून ठेवलेला असतो तसा. आणि खाली गोडसर दूध."

"खाली गोडसर," तो म्हणाला. "आणि गवत? मे महिन्यात दुधाला गवताचा वास येतो. तो होता का?"

मी आठवून पाहिलं. मला सांगता येईना. "बघून येऊ का?"

"जा," तो म्हणाला. "पटकन. सगळं गटारात जायच्या आत." मग डेअरीची पाळी चुकेल म्हणून त्याने गाडी सुरू केली, पण निघाला नाही. खिडकीतून बाहेर वाकून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी आर्डिसच्या दाराकडे पळत सुटले.