पुलापलीकडचं घर

श्यामकांत देवस्थळी आयुष्यभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासत आले. जे मोजता येत नाही ते थोतांड, हा त्यांचा बाणा. आणि नेमकी पोटची पोर टॅरोचे पत्ते वाचायला लागली. म्हणजे दिव्याखाली अंधारच! चंदीगडच्या मराठी मंडळात कुणी चौकशी केली की ‘रेवा काउन्सेलिंग करते’ म्हणून ते वेळ मारून नेत.

आज तेच गृहस्थ चंदीगडजवळच्या खरड गावात एका मोबाईलच्या दुकानावरचा जिना धापा टाकत चढले. बायकोच्या, लताच्या वर्षश्राद्धाआधी तिच्या रिपोर्टांची फाइल आवरताना त्यांना काल टॅरोचा एक पत्ता सापडला होता. वर्षापूर्वी हॉस्पिटलात त्यांनीच तो रेवाच्या हातातून हिसकावून तिथे कोंबला होता. त्या दुपारी लता पोरीला काहीतरी सांगत होती आणि आपण दारातूनच ओरडलो, एवढं त्यांना आठवत होतं. काय सांगत होती, हे विचारायला त्यांना वर्ष लागलं. लेक तर आईच्या दिवसांनंतर घरी फिरकलीच नव्हती.

आत कॉलेजातली एक मुलगी कॅनडाचा व्हिसा लागेल का, म्हणून विचारत होती. श्यामकांत मुकाट्याने प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नंबर लावून बसले. ती गेल्यावर रेवाने त्यांच्याकडे पाहिलं.

“आइए, बाबा.” रेवाचा जन्म इथलाच. मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत.

त्यांनी पत्ता टेबलावर ठेवला. “तुझा आहे. एक कमी पडत असेल ना?”

“हाँ. साल भर सतहत्तर से ही काम चलाया.”

पत्त्यावर काळा झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा होता. त्याच्यासमोर तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन शाबूत. लांबवर नदी, तिच्यावर पूल आणि पलीकडे घर.

“पुरानी किताबों में इसका मतलब है शोक,” रेवा म्हणाली. “मैं मतलब नहीं बताती. सामनेवाले से पूछती हूँ, तुम्हें क्या दिखता है? फिर वो खुद बोलने लगता है. बस इतना ही करती हूँ, बाबा. कोई जादू नहीं.”

“लताला काय दिसलं होतं?”

रेवाने पत्ता हातात घेतला. मग आईचे शब्द तिने आईच्याच भाषेत सांगितले.

“आई म्हणाली, ‘पेल्यांचं राहू दे गं. एवढा पूल आहे, पलीकडे घर आहे. हा मेला घरी का जात नाही?’ मग म्हणाली, ‘बाबांना सांग, आता सुया पुरे. मला घरी न्या.’” रेवाने डोळे पुसले. “आपसे सीधे कह नहीं पाती थी. आप रिपोर्ट लेकर बैठ जाते थे. और तभी आप अंदर आए.”

त्यांना सगळं आठवलं. ‘इथे असली भोंदूगिरी नको, बाहेर हो!’ लताने डोळे मिटून घेतले होते. ती दमली असेल, असं त्यांना वाटलं होतं. आणि रोजच्यासारखंच ते तिला म्हणाले होते, ‘बरी झालीस की लगेच घरी.’ त्यानंतर एकोणीस दिवस सुया चालू राहिल्या. लता घरी आलीच नाही.

“तू नंतर का नाही सांगितलंस?”

“उसी रात फोन किया था. आपने कहा, पहले पत्ते फेंक, फिर बात कर.”

खरं होतं. अगदी याच शब्दांत म्हणाले होते ते. लताचं हिमोग्लोबिन किती, प्लेटलेट किती, त्यांना आजही तोंडपाठ होतं. तिला काय हवंय, एवढंच विचारायचं राहिलं होतं. त्यांना स्वतःची विलक्षण चीड आली.

ते जिना उतरून गाडीत बसले. किल्ली लावली, पण फिरवली नाही. रस्त्यावर बसचे हॉर्न कोकलत होते. किती वेळ गेला कोण जाणे, काचेवर टकटक झाली. रेवा खाली आली होती.

“बाबा, घर क्यों नहीं जा रहे?”

श्यामकांतांनी काच खाली केली. “जाववत नाही गं,” ते म्हणाले. “खिडकीपाशी तिच्यासाठी नवी खाट घेऊन ठेवली होती मी. बरी होऊन आली की झोपेल म्हणून. अजून वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.”

रेवाने गाडीला वळसा घातला. पलीकडून येऊन ती त्यांच्या शेजारी बसली आणि तिने सीटचा पट्टा लावला.