उजेडाने तुटलेले धागे

त्या आठवड्यात विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात सगळे तिच्याशी, त्या तरुण संशोधिकेशी, हसून बोलत होते. नव्या सूक्ष्मदर्शकाखाली लेझरच्या उजेडात तिने जिवंत मज्जापेशीचा एकेक थर टिपून त्रिमिती चित्रफीत बनवली होती. साध्या भिंगाला जिथे नुसता हिरवा धूर दिसायचा, तिथे पेशीला ऊर्जा पुरवणारे धागे सुटे सुटे दिसत होते आणि बघता बघता तुटत होते. असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी तिचे मार्गदर्शक सर ते परिषदेत मांडणार होते.

सोमवारी तिने आईला चित्रफीत दाखवली. आई तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती.

“इतका वेळ लेझर मारतेस, पेशींना काही होत नाही?” आईने विचारलं. “काविळीच्या बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवताना आम्ही आधी डोळ्यांवर पट्टी बांधायचो.”

ती हसली, पण मनात पाल चुकचुकली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

मंगळवारी तिने उजेड दहापट कमी केला. चित्रं अगदीच पुसट आली, पण धागे अखंड होते. उजेड वाढवला, सहाव्या मिनिटाला तुटले. बुधवारपर्यंत तिने पेशी वाढवलेल्या अकरा काचेच्या बशा तपासल्या. कमी उजेडातल्या पेशी दुसऱ्या दिवशीही जिवंत होत्या. लख्ख उजेडातल्या मरून, बशीच्या तळापासून सुटून तरंगत होत्या.

गुरुवारी सरांच्या दारापासून ती दोनदा परतली. तिसऱ्यांदा आत जाऊन तिने सगळं सांगितलं.

“म्हणजे आपण पेशी मरताना पाहत होतो,” सर म्हणाले.

“आपणच मारत होतो, सर.”

ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. त्यांनी परिषदेला फोन करून भाषण मागे घेतलं आणि दोन दिवस तिच्याकडे न बघताच नमस्कार घेतला. हिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं सहकारी म्हणू लागले. तिला जेवण जाईना.

पुढच्या सोमवारी सर स्वतःच यंत्रापाशी आले. कमीत कमी किती उजेडात भागेल ते शोधू, म्हणाले. दोघं कामाला लागली. आकडे लावताना तिचा हात थांबला. गेल्या वर्षी छापून आलेल्या त्यांच्या शोधनिबंधातही उजेड तेवढाच लख्ख होता.

“सर, तेही पुन्हा बघावं लागेल.”

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

“उघड तो निबंध,” ते म्हणाले.