डिसेंबरचं पान

बुटांच्या कपाटावर बाबाचा शिक्का दिसला आणि मी चक्क टाळी वाजवली. घरात कुणी नव्हतं, तरी वाजवली. कधीच काही न विसरणारा माणूस आज एक गोष्ट विसरला होता, आणि ती त्याच्यापर्यंत पोचवायची संधी मला, शिगेमात्सु माहोला, मिळाली होती!

शिक्का बोटाएवढा, काळ्या शिंगाचा, टोकाला आमचं आडनाव कोरलेलं. तो उठल्याशिवाय कुठलाही कागद पक्का होत नाही. बाबा कावासेमी क्लबच्या कचेरीत गेला होता करारावर शिक्का मारायला, आणि शिक्का इथे. आता काय म्हणावं!

कावासेमी म्हणजे खंड्या पक्षी. आमच्या मात्सुयामा शहरात दर दुसऱ्या डोक्यावर या क्लबची निळी टोपी असते, आणि त्या टोपीखालच्या प्रत्येक माणसाला माझा बाबा माहीत असतो. बेसबॉलमध्ये वीस वर्षं तो त्यांचा कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, समोरून चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांनी खुणा करायच्या, येईल तो चेंडू अडवायचा. एकेचाळीस वर्षांचा झालाय. गुडघे असे झालेत की सकाळी जिना तो कठड्याला धरून आडवा उतरतो, खेकड्यासारखा. मी खालून ओरडते, "खेकडा आला रे!" तो वरून म्हणतो, "खेकड्याला चहा टाक."

क्लबचं म्हणणं होतं, आता पुरे. निवृत्ती जाहीर कर, मार्चमध्ये निरोपाचा सामना खेळ, फुलं, बँड, सगळं करू, आणि एप्रिलपासून इथेच तरुण पोरांचा कोच हो. बाबाचं म्हणणं होतं, अजून एक वर्ष खेळू द्या, पगार हवा तेवढा कापा. दोनदा बोलणी होऊन फिसकटली होती. आज तिसरी खेप.

मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझं मत पक्कं होतं. शिक्का मार!

कारण कोच झाला असता तर तो रोज जेवायला घरी आला असता. मला आठवतंय तेव्हापासून वसंतापासून पानगळीपर्यंत मी टीव्हीसमोर जेवते. टीव्हीत बाबा असतो, पण जाळीच्या मुखवट्याआड. चेहरा दिसत नाही, नुसता दिसतो तो मिट, चेंडू झेलायचा चामडी हातमोजा, मोठा तपकिरी, पावासारखा. आई मी लहान असतानाच कोबेला गेली, तिचं तिथे दुसरं घर आहे. खाली आत्याचं केस कापायचं दुकान. ती मला गरम भात, मासळी, सगळं देते, पण ती दुकान आवरून जेवते आणि मला आठच्या आत भूक लागते. एप्रिलसाठी मी जेवायचं टेबल खिडकीपाशी सरकवूनसुद्धा ठेवलं होतं. समोरासमोर दोन खुर्च्या.

परीक्षा सुरू होती म्हणून मी दुपारीच मोकळी होते. शिक्का डब्याच्या पिशवीत टाकला आणि ट्राम पकडायला धावले. धावता धावता ओठांतल्या ओठांत सराव सुरूच. मी शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात आहे ना! आमच्या जिल्ह्यात शालेय सामन्यांना खेळाडूंची नावं मुलीच पुकारतात, आणि येत्या वसंतातल्या सामन्यांसाठी माझी निवड झाली होती. माझी! गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देताना ज्या मुलीचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नव्हता, तिची. बाबानेच तयार केलं मला. "गळ्यातून नको, पोटातून काढ. आणि नावाच्या शेवटी घाई नाही करायची. माणूस चालत येत असतो, त्याला वेळ दे."

ट्रामला वेळ होता, म्हणून थांब्याजवळच्या कागदवाल्याकडे शिरले. कावासेमीचं नव्या वर्षाचं कॅलेंडर आलं होतं. दर महिन्याला एक खेळाडू. एप्रिल बाबाचा. एप्रिलमध्ये मोसम सुरू होतो, एप्रिल कायम बाबाचाच असतो, इतका की आत्या एप्रिलला 'आपला महिना' म्हणते.

एप्रिल उघडला. त्यावर आराता. हा आराता बावीस वर्षांचा, नवा कॅचर, दात काढून हसणारा.

मे, जून, जुलै. मी तिथे उभ्याउभ्याच पानं उलटत गेले. बाबा सापडला डिसेंबरात. मैदानं बंद असतात तेव्हा. गळ्यात लाल लोकरी मफलर, हातात मिट, मागे कापसाचा बर्फ. शेवटच्या पानावर, अशा जागी, की उद्या तो क्लबात नसला तरी कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

आणि मला जुलै आठवला. भयंकर उकाड्याचा दिवस होता. बाबा घामाने निथळत घरी आला आणि म्हणाला, "आज फोटोवाल्याने मला मफलर गुंडाळायला लावला. मफलर! मेलो असतो." मी खूप हसले होते. तोही हसला होता.

म्हणजे त्याला जुलैपासून माहीत होतं. वीस वर्षं एप्रिलच्या फोटोला उभ्या राहणाऱ्या माणसाला मफलर म्हणजे काय, हे कळणार नाही? पुढचे तीन महिने तो रोज मैदानावर गेला, बसला, उठला, हरला, जिंकला, रात्री मला फोन करून "जेवलीस का?" विचारत राहिला, आणि हे पोटात ठेवून होता. मी इकडे टीव्हीसमोर भाताचा वाडगा उंचावून ओरडत होते, "पुढच्या वर्षी बघून घेऊ!"

मग मी डब्याच्या पिशवीला हात लावला. जो माणूस दहा वर्षांपूर्वीच्या फलंदाजाची खोड विसरत नाही, तो शिक्का विसरेल? तोही बुटांच्या कपाटावर, जिथे बूट घालताना नजर पडतेच पडते?

ट्राम आली. मी चढले. विकत घेतलेलं कॅलेंडर काखेत.

कचेरीच्या दारात पत्रकारांचा घोळका होता. करारासाठी खेळाडू एकटाच आत जातो, एकटाच बाहेर येतो, आणि बाहेर आल्यावर त्याच्या चेहऱ्यावरून हे लोक बातमी बनवतात. मी मागच्या जिन्याने गेले. स्वागतकक्षातल्या बाई मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी थेट दारावर टकटक केली. "शिगेमात्सु-सान, मुलगी आलीये!"

आत लांबलचक टेबल. त्या टोकाला कुवाजिमा काका, या टोकाला बाबा, सुटात. सुटातला बाबा नेहमी दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखा दिसतो. मध्ये एकच कागद. कुवाजिमा काका आता क्लबचे व्यवस्थापक, पण आधी पिचर होते. बारा वर्षं बाबाने खुणा केल्या आणि त्यांनी चेंडू टाकले. आमच्याकडे नववर्षाला येऊन माझ्या वाटचे मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, खाऊन जायचे.

"अरे वा! आली की तारणहार!" काका म्हणाले. "माहो, तुझा बाप शिक्का घरी विसरून आलाय, आणि तासभर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतोय. आणलास ना?"

मी बाबाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो काखेतल्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"काका," मी म्हटलं, आणि आवाज पोटातून आला, अगदी मैदानभर जाईल असा, "हे कधी ठरलं?"

"काहीच ठरलेलं नाही गं. बोलून ठरवायचं म्हणून तर बसलोय. तुझ्या बाबाची मर्जी असेल तसंच होणार."

टेबलाखालून आवाज आला. खस्स, खस्स.

"बूट घासतोयस, कुवा," बाबा म्हणाला.

काका मनाविरुद्ध चेंडू टाकायचे तेव्हा उजव्या बुटाच्या टोकाने माती उकरायचे. ही खोड मी पाच वर्षांची असताना बाबाने मला सांगितली होती, आमच्यातलं गुपित म्हणून. काकांना ती ठाऊकच नव्हती बहुतेक. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"बारा वर्षं सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर थांबवली असतीस. मग मला कसं कळलं असतं?"

दोघं हसले. मग काकांनी चष्मा काढला, पुसला.

"शिगे, मी तुझ्यासाठी भांडलो. खरंच. कोचची जागा त्यातून निघाली. घे रे ती. घर आहे, पोरगी आहे."

"माहीत आहे."

"मग?"

बाबा म्हणाला, "मैदानात सगळ्यांची तोंडं एकीकडे असतात आणि माझं एकट्याचं उलटीकडे. आठ जण माझ्याकडे बघत असतात, कुवा. वीस वर्षं मी आठ चेहरे बघत बसलोय. कोच म्हणून बाजूला बसलो की नुसते त्यांचे कान दिसणार."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "मी काय, बाजूचा बाक?"

काका हसायला लागले आणि थांबले. बाबाने आता माझ्याकडे पाहिलं. मुखवटा नसलेला चेहरा, इतक्या जवळून. त्याने काही जुळवून सांगितलं नाही, याचं मला अजून बरं वाटतं.

"माहो," काका म्हणाले, "शिक्का दे बाळा."

डब्याची पिशवी माझ्या छातीशी होती. शिक्का आत होता. बाहेर काढून टेबलावर ठेवला असता तर खिडकीपाशी दोन खुर्च्या, रोज संध्याकाळी, समोर बाबा. बाबाने नाही म्हटलं नसतं. मी स्वतः आणून दिल्यावर तर मुळीच नाही. तो चुपचाप शिक्का उठवून घरी आला असता आणि माझ्या पानात मासळीचा मोठा तुकडा वाढला असता.

"नाही सापडला," मी म्हटलं. "सगळीकडे शोधला."

खोटं बोलताना माझी हनुवटी वर जाते. ही खोड बाबाला माहीत आहे, मला माहीत आहे, आत्याला माहीत आहे. त्या दिवशी काकांनाही कळली असावी, कारण त्यांनी माझ्या हनुवटीकडे पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"मग आज काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "आणि उद्या ही जागा राहील असं मी सांगू शकत नाही. समजतंय ना?"

"समजतंय," बाबा म्हणाला. उठताना त्याने टेबलाला दोन्ही हात टेकले. काकांनी हात पुढे केला नाही. बाबाने कधी कुणाला हात देऊ दिला नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पत्रकारांना टाळून आम्ही मागच्या जिन्यानेच उतरलो. मी पुढे, तो मागे, आडवा. मला खेकडा म्हणावंसं वाटलं नाही.

खाली आल्यावर त्याने तळवा पुढे केला. मी शिक्का ठेवला.

"डब्यात?"

"पिशवीत. डब्याखाली."

"हनुवटी," तो म्हणाला. "हनुवटीचं काहीतरी कर तू." आणि मग, ट्राम येईपर्यंत, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून दिला, गरम चहाचा पेला धरावा तसा, उचलायची घाई न करता.

कोचची जागा गेली. क्लबने बाबाला मोकळं केलं. निरोपाचा सामना नाही, बँड नाही. काकांनी दारात संत्र्यांची पेटी ठेवली आणि घंटी न वाजवता गेले. फेब्रुवारीत बाबा डोंगरापलीकडे गेला, आमच्याच बेटावरच्या कोची शहराच्या बाजूला, एका लहानशा क्लबात. तिथे खेळाडू बसने फिरतात, आपले कपडे आपणच धुतात, आणि प्रेक्षकांपेक्षा मैदानावर घारी जास्त असतात. तो एका खोलीत राहतो. महिन्यातून एकदा येतो, कधी तेही नाही.

तो क्लब टीव्हीवर दिसत नाही. हे मी आधी धरलंच नव्हतं! आता जेवताना समोर मुखवटासुद्धा नसतो. मी टेबल खिडकीपाशीच ठेवलंय. समोरच्या खुर्चीवर शाळेचं दप्तर ठेवते, रिकामी बघवत नाही म्हणून.

काल संध्याकाळी फोन आला. सामना हरले होते.

"आठ चेहरे दिसले का?" मी विचारलं.

"दिसले. सगळे रडवेले. पोरं आहेत गं, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी." मग म्हणाला, "इथे नाव पुकारायला कुणी नाही. भोंगा बिघडलाय. बॅट घेऊन चालत जातो, पण कोण चाललाय ते कुणालाच सांगत नाहीत. विचित्र वाटतं जरा."

तो असं कधी बोलत नाही. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, ताठ उभी राहिले, श्वास पोटात घेतला.

"चौथा फलंदाज. कॅचर. शिगेमात्सुऽऽ."

शेवटी घाई केली नाही. त्याला चालायला वेळ दिला.

खालून आत्याने झाडूच्या दांड्याने छतावर ठोकलं. "माहो! गिऱ्हाईक दचकलं! कान कापला गेला असता!"

फोनमध्ये बाबा हसत होता. मग हसायचा थांबला, पण फोन त्याने बंद केला नाही, मीही केला नाही. त्याच्याकडे कुठेतरी बसचं इंजिन सुरू झालं. "जेवलीस का?" त्याने विचारलं, आणि मी म्हटलं, "हो," आणि माझी हनुवटी वर गेली, पण ते त्याला दिसणार कसं.

भिंतीवर कॅलेंडर आहे. मे महिना अर्धा उलटला. आमच्याकडे डिसेंबर चालू आहे.