तेजोबाबांचा उजेड

पडदे ओढले आणि हॉलभर "अहाहा!" उमटलं. अंधारात तेजोबाबांच्या तळहातावर हिरवा दगड चमकत होता. लोक हात जोडून उभे. माझी काकू तर रडतच होती.

"खनिजाच्या पोटातलं अणुतेज!" बाबा गरजले. "शास्त्रज्ञ थकले, मी एका मंत्रात ओढून काढलं. हा दगड बुडवलेलं पाणी प्या, गाठ विरघळेल. युगं गेली तरी हे तेज मावळणार नाही!"

काकूच्या गळ्यात गाठ होती. या पाण्यापायी तिनं ऑपरेशन रद्द केलं होतं. आणि माझं काम काय? संशोधनासाठी खनिजातून किरणोत्सारी मूलद्रव्यं वेगळी करणं. पोतीच्या पोती दगड दळायचा, आम्लात विरघळवायचा, साका बसवायचा, गाळायचा, पुन्हा विरघळवायचा. महिनोन्महिने राबून हाती लागतो कणभर क्षार, तोही शिशाच्या भिंतीआड ठेवावा लागतो. हे महाराज मात्र तेच तेज तांब्यात बुचकळत होते!

मी उठले. "बाबा, मावळत नाही ना? मग प्रवचन संपेपर्यंत हा दगड माझ्या पत्र्याच्या डब्यात राहू द्या."

"तेजाला कोंडू नये, ताई."

"का? गुदमरतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकू वैतागली. "द्या हो बाबा, एकदाचं हिचं तोंड बंद होऊ दे!"

प्रवचन चांगलंच लांबलं. मग पुन्हा पडदे ओढून मी डबा उघडला. आत काळोख! दगडावर टॉर्च मारून विझवला, तर स्वारी लगेच हिरवीगार.

"अविश्वासानं तेज रुसलं होतं," बाबा पुटपुटले.

"आणि टॉर्च बघून हसलं? अहो, घड्याळाच्या काट्यांना लावतात तसली पावडर आहे ही. उजेड पिते, अंधारात ओकते. मंचामागे बघा जरा!"

दोघातिघांनी मागचा पडदा सारला. बाकीचे दगड भगभगीत दिव्याखाली शेकत पडले होते.

"हे खरंच किरणोत्सारी असतं," मी म्हणाले, "तर पाण्यानं गाठ विरघळली नसती, हाडं पोखरली असती."

बाहेर आल्यावर काकू हळूच म्हणाली, "पण बरं वाटायचं गं."

"वाटायचं. आणि गाठ?"

तिनं गळा चाचपला. "वाढलीय."

ऑपरेशन झालं, पण उशिरा. आवाज कायमचा घोगरा झाला. त्याच आवाजात ती आता शेजारणींना बजावते, "कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, तपासू द्याल का? नाही म्हणाला, तर सरळ डॉक्टरकडे जा."