पूर्ण पंधरा मिनिटं

टर्नर ग्रोव्ह कॉलेजच्या फुटबॉल संघाचं नाव बगळे. कॉलेज काढणाऱ्या पाद्रीबुवांना पक्ष्यांचा नाद होता. पुढे आपली पोरं लांबोडका चेंडू पोटाशी धरून दुसऱ्यांच्या अंगावर धावून जाणार आहेत, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. आसपासच्या कॉलेजांनी लांडगे, अस्वलं, गरुड अशी नावं उचलली. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या, डच लोकांनी वसवलेल्या या गावाच्या वाट्याला बगळा आला, आणि आलेली वस्तू परत करायची तर खर्च होतो म्हणून तो राहिला.

त्या वर्षी हंगाम संपत आला तरी बगळ्यांना एकही सामना जिंकता आला नव्हता. हरणं गावाला नवं नव्हतं; लवकर हरणं मात्र नवं होतं. नियमच असा आहे की दोन्ही कोच आणि पंच यांचं एकमत झालं, तर उरलेला सामना आखडता घेता येतो. सामन्याचे भाग चार, पंधरा-पंधरा मिनिटांचे; उरलेला एकेक भाग दहाचा करायचा आणि सगळ्यांनी जेवायला घरी जायचं. पहिल्या सामन्यात वेसली नावाच्या नव्या पोराचा पाय मोडला. तेव्हापासून कोच मार्लिन व्हँडर प्लूग दर शनिवारी मध्यंतराला पंचांपुढे मान डोलवत आले होते.

गेरिट हुक्स्ट्रा हा संघाचा कप्तान. खेळायचा सेंटरला, म्हणजे वाकून दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि डोकं वर काढतो न काढतो तोच समोरून येणारा धोंडा अंगावर घ्यायचा. लाऊडस्पीकरवर सेंटरचं नाव येतं ते चूक झाली तरच. कोचनी पहिल्यांदा मान डोलावली तेव्हा गेरिटलाही हायसं वाटलं होतं. बरगड्या ठणकत होत्या आणि घरी वाटाण्याचं सूप होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. पण ऑक्टोबरात एका सामन्यात, तिसरा भाग चालू असताना, समोरच्या गड्याने त्याच्या तोंडावर जांभई दिली. मार खायला गेरिटची ना नव्हती. जांभई मात्र त्याच्या घशाखाली उतरेना.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. आदल्या दिवशी सकाळी तो बेकरीत शिरला, तर बियाणं विकणारा बर्ट टे स्ला बदामाची पेस्ट्री कॉफीत बुडवत बसला होता. चहाची एक पिशवी दोन कपांना पुरवणाऱ्या या गावातही बर्टचा हात आखडता म्हणून बोलबाला.

"काय कप्तान, उद्या किती खेळणार? तिकीट अख्ख्याचं काढू की पाऊण?"

"काका, पाऊण तिकीट मिळत नाही."

"तेच तर म्हणतोय! सामना पाऊण आणि तिकीट अख्खं. उद्या मी पेरणीचं बी पोत्यात पाऊणच भरून दिलं, तर तुझा बाप मला सोडेल का?"

दुकान हसलं. गेरिटही हसला, पण पेस्ट्री न घेताच तडक कोचच्या खोलीवर गेला.

"कोच, उद्या सामना आखडता घेऊ नका."

"दार लाव," कोच म्हणाले. "तुझी पोरं उरलीत किती? अर्धी लंगडतायत. मिनिटं कमी, तेवढी हाडं शाबूत. वेसलीच्या आईला फोन मी केला होता, तू नाही."

"वेसलीचा पाय दुसऱ्या भागात मोडला. मध्यंतराच्या आधी. मग तुम्ही तिसरा-चौथा का कापता?"

"तोंड फार चालतंय तुझं."

"हाडंच वाचवायची तर नाणेफेक करू, हात मिळवू आणि घरी जाऊ. कुणाला खरचटणारसुद्धा नाही."

कोचनी टेबलावरची शिट्टी उचलून खिशात टाकली. "पोरा, तुला काय वाटतं, जास्त खेळलो तर जिंकू?"

"नाही. जास्त हरू."

"मग?"

"मग पूर्ण हरू. अर्धवट हरलेलं मला घरी न्यायचं नाही."

"उद्याचं उद्या बघू," कोच म्हणाले. याचा अर्थ 'नाही' असतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

शनिवारी लॅथम कॉलेजने मध्यंतरापर्यंत एक्केचाळीस गुण केले. बगळ्यांचा भोपळा. प्रेक्षक घोंगड्यांच्या घड्या घालू लागले. पंच आले, लॅथमचे कोच आले. दोघांच्या चेहऱ्यावर शोकसभेचा भाव.

"नेहमीसारखंच ना, मार्लिन?" लॅथमचे कोच म्हणाले. "दहा-दहा मिनिटं. तुझ्याच पोरांसाठी म्हणतोय हं."

कोचनी मागे पाहिलं. सगळे आत विश्रांतीला जायला हवे होते. पण गेरिट आणि त्याच्या फळीतले चौघे तिथेच, हेल्मेट घालून, चिखलात उभे होते. एकाच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

"पंधरा," कोच म्हणाले.

"अरे, काय बोलतोस?"

"पूर्ण पंधरा. आमच्याकडे उष्टं टाकत नाहीत."

तिसऱ्या भागात लॅथमने आणखी चौदा गुण चढवले आणि मग आपले मुख्य गडी बाकावर बसवून राखीव पाठवले. मुख्य गड्यांनी खांद्यांची चिलखतं उतरवली, कुणी सँडविचचा कागद सोडला. चौथ्या भागात चेंडू बगळ्यांकडे आला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, तरच चेंडू हातात राहतो. बगळे कधी अकरा गेले, कधी जेमतेम दहा. गेरिट दर वेळी चेंडू मागे देई आणि समोरच्या राखीव गड्याला नांगरासारखा ढकलत नेई.

"बास ना रे आता," तो गडी कुरकुरला. "पंचावन्न शून्य आहे!"

"तुला घाई आहे का कुठे?"

चेंडू लॅथमच्या शेवटच्या रेषेजवळ सरकला, जी ओलांडली की गुण मिळतात, तसे त्यांचे कोच ओरडू लागले. शून्य राखायचं होतं त्यांना. "मुख्य फळी! उठा! हेल्मेट घाला!" अर्धं सँडविच तोंडात, चिलखताचे पट्टे आवळत ते धावत आले. हे पाहून प्रेक्षकांतून असा गलका उठला, की जणू बगळ्यांनी सामना जिंकलाच. घोंगड्यांच्या घड्या पुन्हा मोडल्या.

शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड बाकी. चेंडू खांबांमधून लाथाडून तीन गुण घेता आले असते, शून्य पुसलं असतं. कोचनी विचारलंही नाही. हातानेच खूण केली, पुढे घुसा. गेरिटने चेंडू दिला आणि समोरच्या मुख्य गड्याला भिडला. या वेळी समोरच्याने जांभई दिली नाही, दात-ओठ खाल्ले. माणसांचा ढीग झाला. ढीग उपसला, तेव्हा चेंडू रेषेच्या हातभर अलीकडे होता.

चेंडू लॅथमकडे गेला. चार मिनिटं उरली होती. पंच मैदान ओलांडून धापा टाकत आले.

"कोच, ते विचारतायत, आता तरी घड्याळ मध्ये न थांबवता सलग पळू द्यायचं का? लवकर संपेल. त्यांची पोरं दमलीत."

मार्लिन व्हँडर प्लूग यांनी या वेळी मागे वळून पाहिलं नाही.

"त्यांना म्हणावं, नाही."

बचावाच्या फळीत माणूस कमी पडत होता. ते काही गेरिटचं काम नव्हे. त्याने हेल्मेटमधला चिखल बोटाने खरवडून काढला, ते डोक्यावर चढवलं आणि परत आत गेला.

"तू पुन्हा?" समोरचा गडी कंबरेवर हात ठेवून म्हणाला.

"चार मिनिटं आहेत अजून," गेरिट म्हणाला. "वाक."